किरणोपचाराचे दिवस

स्तनाचा कर्करोग प्रारंभीच्या अवस्थेत ध्यानात यावा, शस्त्रक्रिया होऊन गाठ निघावी, टाके भरून यावेत आणि आता संकट टळले असे घरच्यांनी एकमेकांना सांगावे, तोच डॉक्टरांनी किरणोपचाराची गोष्ट काढावी, हा अनुभव विदर्भातल्या पुष्कळ घरांना आलेला आहे. गाठ समूळ निघाली असेल तर हे आणखी कशासाठी, असा प्रश्न त्या वेळी रुग्ण स्त्रीच्या मनात उभा राहतो, आणि पुष्कळदा तो ओठांवर येत नाही. तो विचारलाच पाहिजे. कारण ज्या उपचाराचे प्रयोजन कळले नाही, तो उपचार घर, शेत आणि मुलेबाळे मागे ठेवून शेवटपर्यंत निभावणे कठीण असते.

एकेकाळी या रोगावर एकच मार्ग होता: संपूर्ण स्तन, त्याखालचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी काढून टाकणे. इटलीत मिलान येथे उंबेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ मध्ये आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९७६ मध्ये या रूढ पद्धतीची परीक्षा आरंभली, आणि २००२ साली दोघांचेही वीस वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोग लवकर सापडला असेल तर केवळ गाठ आणि तिच्या भोवतीचा थोडा भाग काढून, उरलेल्या स्तनावर किरण दिले तरी आयुर्मानात उणेपणा येत नाही, हे त्यांतून सिद्ध झाले. फिशर यांच्या अभ्यासात गाठ काढून किरण न घेतलेल्या शंभर स्त्रियांमागे सुमारे ३९ जणींच्या त्याच स्तनात रोग परतला, तर किरण घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे १४ होते. डोळ्यांना, हातांना आणि यंत्रांनाही न सापडणाऱ्या ज्या पेशी मागे राहिलेल्या असू शकतात, त्यांच्यासाठी हा उपचार असतो. सर्वांनाच तो लागतो असे मात्र नाही. संपूर्ण स्तन काढलेला असून काखेतील ग्रंथी निर्मळ असतील, तर बहुधा त्याची गरज पडत नाही. आणि पासष्टी ओलांडलेल्या, लहान गाठीच्या व संप्रेरकांच्या गोळ्या नियमाने घेणाऱ्या स्त्रियांना तो वगळण्याचा पर्याय डॉक्टर समजावून देऊ शकतात.

परंतु नागपुरात बसून या विषयाचा विचार करताना मला सर्वांत मोठी अडचण किरणांची वाटत नाही, दिवसांची वाटते. मानेवाडा रस्त्यावर तुकडोजी पुतळ्यापाशी कॅन्सर रिलीफ सोसायटीने चालविलेले राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, आणि ज्यांचे नाव त्याला दिले आहे ते तुकडोजी महाराजही १९६८ साली याच व्याधीने गेले. वर्धा रस्त्यावर जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था उभी राहिली आहे. शहराच्या या इस्पितळांत गडचिरोली, गोंदिया, यवतमाळपासून तर छिंदवाडा, बालाघाट, राजनांदगावपर्यंतचे रुग्ण येतात. शस्त्रक्रियेसाठी एकदा यावे, आठ-दहा दिवस राहावे आणि परत जावे, हे त्यांना कसेबसे जमते. पण आठवड्याचे पाच दिवस, दर दिवशी काही मिनिटांसाठी हजेरी लावायची आणि हे पाच-पाच आठवडे चालवायचे, म्हणजे कापसाची वेचणी, मुलांची शाळा आणि म्हाताऱ्यांची देखभाल यांवर पाणी सोडायचे. या एका कारणाने, वाचवता येण्याजोगा स्तन काढून टाकण्याचा निर्णय आपल्या देशात असंख्य स्त्रियांनी घेतला आहे, आणि मला तो अन्याय वाटतो. कारण तो निर्णय रोगाने घेतलेला नसतो, अंतराने घेतलेला असतो.

म्हणूनच गेल्या काही वर्षांत झालेला बदल विदर्भाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. दररोजची मात्रा किंचित वाढवून पंचवीस बैठकांऐवजी पंधरा, म्हणजे तीन आठवड्यांत उपचार पुरा केला तरी गुण तितकाच येतो आणि दुष्परिणाम वाढत नाहीत, हे इंग्लंड व कॅनडातील दीर्घ अभ्यासांनी दाखवून दिले आणि भारतातही हीच पद्धत आता रूढ झाली आहे. पुढे २०२० साली इंग्लंडमधूनच पाच बैठकांचे, एका आठवड्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि निवडक रुग्णांना तोही मार्ग मोकळा झाला. कोणाला किती बैठका, हे गाठीचे स्वरूप, काखेतील ग्रंथी आणि वय पाहून ठरते. गाठीच्या मूळ जागेवर काही जादा बैठकाही द्याव्या लागतात. तथापि, “माझे तीन आठवड्यांत होईल का?” हे पहिल्याच भेटीत विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. एकदा उपचार सुरू झाल्यावर मात्र आपल्या मनाने खाडे करू नयेत. शनिवार-रविवारची विश्रांती हिशेबात धरलेली असते, सणावाराची किंवा लग्नकार्याची रजा धरलेली नसते.

प्रत्यक्ष उपचाराआधी एक दिवस आखणीचा असतो. उतरत्या फळीवर उताणे निजवून हात डोक्यावर घ्यायला लावतात आणि त्याच स्थितीत सीटी स्कॅन काढतात. शस्त्रक्रियेनंतर आखडलेला खांदा या वेळी आडवा येतो, म्हणून भिंतीवर बोटे चढवत नेण्याचा साधा व्यायाम आधीपासून करावा. मग छातीवर शाईच्या रेघा ओढतात किंवा गोंदणाच्या ठिपक्याएवढ्या बारीक खुणा करतात. दररोज किरण नेमके त्याच जागी पडावेत म्हणून त्या असतात, त्यामुळे नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, घामाने त्या पुसट होऊ लागल्या तर घरी पेनाने गिरवू नयेत, तंत्रज्ञाला सांगावे. उपचाराच्या खोलीत रुग्ण एकटी असते, जाड दार लागते, यंत्राचे मोठे डोके आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने येऊन थांबते आणि गुणगुणते. पण बाहेरची माणसे कॅमेऱ्यातून पाहत असतात आणि हाक मारली तर त्यांना ऐकू जाते. वेदना काहीही होत नाही. डाव्या बाजूचा रोग असेल तर दीर्घ श्वास भरून काही क्षण रोखायला शिकवतात, कारण फुगलेले फुप्फुस हृदयाला छातीच्या भिंतीपासून दूर सारते आणि त्याला किरण कमी लागतात. आणि बाहेरून दिलेले हे किरण शरीरात मुक्काम करीत नाहीत. नातवंडाला मांडीवर घ्यायला किंवा एका ताटात जेवायला कसलीही आडकाठी नाही, ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण वेगळे ताट-वाटी मांडलेल्या स्त्रीला ते दुःख रोगापेक्षा अधिक लागते.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्वचा लाल होते, काळवंडते, खाजते, आणि काखेत व स्तनाखालच्या घडीत, जिथे घाम साचतो तिथे, क्वचित सोलवटते. कोमट पाणी व सौम्य साबण चालतो. घासू नये, मऊ कापडाने टिपावे. हळदीचा लेप, बाम, पावडर, गरम पाण्याची पिशवी आणि बर्फ, हे सारे प्रेमापोटी सुचविलेले उपाय त्या जागेपुरते वर्ज्य समजावेत आणि मलम डॉक्टर देतील तेच लावावे. घट्ट व तारेची अंतर्वस्त्रे बाजूला ठेवून धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुन्या सुती लुगड्याचे सैल पोलके शिवून घ्यावे. नागपूरच्या उन्हाळ्यात त्याहून सुखाचे वस्त्र नाही. त्या भागावर ऊन पडू देऊ नये.

थकवा मात्र त्वचेसारखा कोणाला दिसत नाही, म्हणून तो पटवून देण्याची पाळी रुग्णावर येते. तो आळस नव्हे. सकाळी उन्हाच्या आधी किंवा संध्याकाळी अर्धा तास चालल्याने तो उणावतो, सतत पडून राहिल्याने वाढतो. वरण, दूध, अंडी, फुटाणे असा पोटभर आहार असावा. उपास आणि कोणी सुचविलेल्या ताकदीच्या गोळ्या, दोन्ही डॉक्टरांना विचारल्याखेरीज नकोत. आणि घरच्या पुरुषमंडळींनी इतके तरी करावे, की दवाखान्यातून परतलेल्या बाईला स्वयंपाकाकडे वळावे लागू नये.

कागदपत्रांची तजवीज उपचारापूर्वी करावी. २०१२ साली गडचिरोली व अमरावतीसह आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि आता महात्मा ज्योतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जनआरोग्य योजना किरणोपचाराचाही खर्च उचलते; तिच्यातील इस्पितळांत आरोग्यमित्राचा कक्ष असतो, तेथे शिधापत्रिका, आधार आणि तपासणीचे अहवाल दाखल करून मंजुरी पदरात पडल्यावरच तारीख घ्यावी. शेजारच्या राज्यांतील रुग्णांनी आयुष्मान कार्ड सोबत आणावे. इस्पितळाच्या दाखल्यावर रेल्वेच्या शयनयान व थ्री-एसी डब्यात रुग्णाला पूर्ण आणि सोबत्याला पाऊण सवलत मिळते, आणि एसटीत तर २०२३ पासून सर्व स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. राहण्याची सोय कोठे स्वस्तात होईल, हे समाजसेवकाला विचारण्यात संकोच धरू नये. मुक्कामाची निश्चिती नसल्यामुळे अर्ध्यावर सुटलेला उपचार वाया जाण्याची भीती असते.

शेवटची बैठक संपली म्हणजे त्वचा लगेच निवळत नाही. उलट पुढचे एक-दोन आठवडे ती अधिक दुखते आणि मग हळूहळू सुधारते. रोजची माणसे, रोजची रांग आणि शेजारच्या बाकावरची सोबतीण एकाएकी सुटल्यामुळे काहींना याच काळात अधिक एकाकी आणि भयभीत वाटते, तेही डॉक्टरांना सांगण्याजोगेच आहे. हाताला सूज, स्तनाला नवी गाठ किंवा न थांबणारा खोकला आढळला तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दाखवावे. संप्रेरकांच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या पाच वर्षे, काहींना त्याहून अधिक, चालतात. पहिली मॅमोग्राफी किरणोपचारानंतर सहा ते बारा महिन्यांत आणि पुढे दरवर्षी करावयाची असते. ती तारीख फाइलवर लिहून घेऊनच इस्पितळातून निघावे.