गोसीखुर्द जलाशयातील जलपर्णी आणि शोभिवंत वनस्पतींचे पोषण

भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात वैनगंगेवर उभारलेल्या गोसीखुर्द धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी बसविण्यात आली आणि २००९ मध्ये त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. नागपूर शहराचे सांडपाणी वाहून नेणारी नाग नदी कन्हानच्या द्वारे वैनगंगेस मिळते. त्यामुळे शहरवासीयांच्या अन्नातील नत्र व स्फुरद यांचा काही अंश अखेर या जलाशयात येतो, आणि तेथे पसरणारी जलपर्णी हे त्याचेच दृश्य फल होय. ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण अमेरिकेतून बंगालमध्ये आली, ती फुलांच्या शोभेसाठीच. तिने शोषलेली पोषणद्रव्ये हरितगृहातील शोभिवंत झाडांस पुन्हा देता येतील काय, याचा येथे विचार करावयाचा आहे.

अशा खतांचा प्रथम उपयोग शोभिवंत वनस्पतींवर करणे इष्ट आहे. सांडपाण्यावर वाढलेल्या जलपर्णीत जड धातू साठतात व ते विशेषतः मुळांत आढळतात. भाजीपाल्याच्या द्वारे ते मनुष्याच्या आहारात शिरण्याचा संभव असतो. जरबेऱ्यासारख्या पिकाच्या बाबतीत हा मार्ग बंद असतो. तथापि खत हाताळणाऱ्या मजुरांच्या आरोग्याचा प्रश्न यामुळे सुटत नाही, हे विसरता कामा नये.

ओल्या जलपर्णीत सुमारे ९५ टक्के पाणी असते. म्हणजे एक टन जलपर्णीत शुष्क भाग ५० किलोग्रॅम. त्यात नत्र दोन टक्के धरल्यास ते अवघे एक किलोग्रॅम भरते. यावरून ती ओल्या स्थितीत दूर वाहून नेणे परवडणारे नाही, तिचे कुजखत काठावरच तयार केले पाहिजे, हे उघड आहे. जलपर्णीचे बी दीर्घकाळ जिवंत राहते. गांडूळखताच्या वाफ्यात पुरेशी उष्णता निर्माण होत नाही. म्हणून ढीग प्रथम ५५ अंश सेल्सिअसच्या वर तापू द्यावा, मधूनमधून उलथावा व मगच त्यात गांडुळे सोडावीत.

स्फुरद परत मिळविण्याचा दुसरा मार्ग शुद्धीकरण केंद्रातच उपलब्ध होतो. गाळातून निघणाऱ्या द्रवात अल्कधर्मी स्थितीत मॅग्नेशियम मिसळल्यास स्ट्रुव्हाइटचे स्फटिक जमतात. शुद्ध स्ट्रुव्हाइटमध्ये वजनाने स्फुरद १२.६, नत्र ५.७ व मॅग्नेशियम ९.९ टक्के असते. पालाश मात्र नसते. ते पाण्यात अल्प प्रमाणात विरघळते, त्यामुळे मुळांस इजा न होता पोषण सावकाश मिळते. परंतु झाडाची नत्राची संपूर्ण गरज त्यातूनच भागवू गेल्यास नत्राच्या दुपटीहून अधिक स्फुरद माध्यमात पडते आणि लोह व जस्त यांचे शोषण मंदावते. यास्तव स्ट्रुव्हाइटची मात्रा स्फुरदाच्या गरजेवरूनच ठरवावी. जलपर्णी पालाश भरपूर शोषते. तिच्या कुजखताने स्ट्रुव्हाइटमधील ही उणीव काही अंशी भरून निघते. उरलेले नत्र निराळे द्यावे लागते.

कुंडीतील माध्यमाचे आकारमान थोडे असल्याने शेतजमिनीप्रमाणे चूक सावरून घेण्याची शक्ती त्यात नसते. नारळाच्या काथ्याच्या भुशात मुळातच सोडियम, क्लोराइड व पालाश असू शकतात. त्यांत कुजखतातील क्षारांची भर पडते. म्हणून भुसा आधी धुऊन घ्यावा, प्रयोगाचा आरंभ माध्यमाच्या आकारमानाच्या पाचव्या हिश्श्याएवढ्या कुजखताने करावा आणि सामू व विद्युतवाहकता नियमितपणे मोजावी. तुलनेसाठी रासायनिक खतावरील झाडे ठेवणे अवश्य आहे. त्यांवाचून निष्कर्षास किंमत राहणार नाही.

कुंड्यांखालून झिरपणारे पाणी ओढ्यात सोडले, तर तेच स्फुरद पुन्हा वैनगंगेत जाईल आणि सर्व श्रम व्यर्थ होतील. ते साठवून पुन्हा वापरणे हा या पद्धतीचा अविभाज्य भाग मानावा. अर्थात या खतांमुळे मलजलाच्या शुद्धीकरणाची निकड यत्किंचितही कमी होत नाही. स्फुरदयुक्त खडकासाठी आपला देश मोठ्या प्रमाणावर आयातीवर अवलंबून आहे. असे असता तेच द्रव्य जलाशयात वाया जाऊन तेथील पाणी बिघडवीत असेल, तर ते उगमाशीच अडविणे आणि जे निसटले ते काठावर गोळा करणे, ही दोन्ही कामे बरोबरीनेच हाती घ्यावी लागतील.