माहिती आहे, धीर नाही

संततिनियमनाची माहिती दिली की मुली आपोआप सावध होतील, अशी समजूत आपल्या महाविद्यालयांत घट्ट आहे. शिबिर भरते, परिचारिका तक्ते दाखवते, मुली ओढणी तोंडाला लावून हसतात आणि अहवाल वर जातो. नांदेडला मानसशास्त्र शिकवताना मला दिसते ते असे, की माहिती आणि निर्धार यांच्यामध्ये भीती उभी असते.

या भीतीचा विचार मानसशास्त्राने केला आहे. जॉन बोल्बी यांनी मूल आणि आई यांच्यातील भावबंधाचा सिद्धांत मांडला. १९८७ साली हेझन आणि शेव्हर यांनी तो प्रौढांच्या प्रेमाला लावला. कोणी आधाराच्या खात्रीने निर्धास्त असतो, कोणी जवळीकच टाळतो, तर कोणी आपल्याला टाकून देतील या धास्तीत जगतो. ही धास्ती असलेली तरुणी निरोधाचा आग्रह धरायला कचरते, असे पाश्चात्त्य अभ्यासांत आढळले आहे. 'तुझा माझ्यावर विश्वास नाही का?' एवढे त्याने म्हटले की ती गप्प होते. गोळ्यांची नावे तिला पाठ असतात!

इथवर पटते. पण मुखेड, किनवट, निलंग्याच्या वाड्या-तांड्यांवरून नांदेड-लातूरला आलेल्या आमच्या मुलींना हा सिद्धांत जसाच्या तसा लावणे मला मान्य नाही. आईबाप ऊसतोडीला गेलेले, पोर आजीजवळ वाढलेली. बोभाटा झाला तर शिक्षण तुटते, बाप मिळेल त्या स्थळी उजवून मोकळा होतो. मुलगा वरच्या जातीचा असेल तर जिवाशीच गाठ. प्रश्नावलीत तिला 'चिंताग्रस्त' ठरवणे म्हणजे खऱ्या धोक्याला मनाचा दोष म्हणणे. गर्भपाताच्या बाबतीत अविवाहितेलाही विवाहितेइतकाच हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले; औषधाच्या दुकानात मात्र अजून आधी गळ्यात मंगळसूत्र आहे का ते पाहतात.

बाबासाहेबांना हे उमगले होते. त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला. तो फेटाळला गेला. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या दलित महिला परिषदेत ते केवळ कमी मुलांबद्दल बोलले नाहीत. बायकोने नवऱ्यापुढे मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभे राहावे, हेही त्याच भाषणात सांगितले. आमच्या शिबिरांनी त्यातला पहिला भाग तेवढा उचलला, दुसरा सोडला.

गेल्या वर्षी मी मुलगेही त्याच वर्गात बसवले आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे दोन आकडे फळ्यावर लिहिले. देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची स्वतःची शस्त्रक्रिया झालेली. नवऱ्याची झालेली ०.३ टक्के. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "मॅडम, त्यांची सोपी असते ना? मग आमचीच का करत्यात?" मुलगे वहीत पाहू लागले.