काचेतलं बाळ आणि तिसावा दिवस

बाळ दिवसांआधी जन्मलं की घरातल्यांचं सगळं लक्ष वजनाच्या काट्याकडे लागतं. "काचेत ठेवलंय, आज वीस ग्रॅम वाढलं," असे फोन बेळगाव, निपाणी, कोल्हापूर असे फिरत राहतात. बाळ अंगाला लागलं, दूध ओढू लागलं की घरी सोडतात. आजी दृष्ट काढते. डोळ्यांची शंका मात्र कुणाला येत नाही, कारण वरून ते अगदी टपोरे, छान दिसतात.

डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पोटात नऊ महिने भरेपर्यंत वाढत असतात. बाळ आधीच बाहेर आलं की ती वाढ अर्धवट राहते. त्यात दिलेला प्राणवायू प्रमाणाबाहेर गेला तर धोका वाढतो. काही बाळांत मग वेड्यावाकड्या नव्या वाहिन्या फुटतात, पडदा ओढला जातो आणि सुटतो. या विकाराला डॉक्टर 'आरओपी' म्हणतात. पडदा सुटल्यावर फारसं काही हाती राहत नाही. त्याआधी लेसर झालं तर बहुतेक बाळांची दृष्टी वाचते. म्हणूनच ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे ३० दिवसांच्या आत तपासायचे असतात. फारच लहान बाळाचे त्याहूनही लवकर.

पण तपासणार कोण? असे तज्ज्ञ मोठ्या शहरांतच. बेंगळूरच्या नारायण नेत्रालयातील डॉ. आनंद विनेकर यांनी २००८ मध्ये 'किड्रॉप' हा उपक्रम सुरू केला. डॉक्टर नसलेल्या, पण खास शिकवून तयार केलेल्या तंत्रज्ञांनी कॅमेरा गाडीत घालून जिल्ह्यांतल्या नवजात कक्षांत जायचं. थेंब टाकून डोळा बधिर करायचा, पडद्याचे फोटो काढायचे आणि इंटरनेटवरून बेंगळूरच्या तज्ज्ञाकडे पाठवायचे. (२००८ सालचं खेड्यातलं इंटरनेट आठवून पाहा!) तंत्रज्ञ जागेवरच रंग ठरवतो: हिरवा म्हणजे काळजी नको, नारिंगी म्हणजे पुन्हा या, लाल म्हणजे ताबडतोब तज्ज्ञाकडे. लेसर लागणार असेल तर हातात दोन-तीन दिवसच असतात. परदेशी कॅमेरा फार महाग. पुढे बेंगळूरच्याच फोरस हेल्थ कंपनीने 'थ्रीनेत्र निओ' हा देशी कॅमेरा काढला.

फोटो काही मिनिटांत बेंगळूरला पोचतो, याचं कौतुक आहेच. मला काळजी वाटते ती नारिंगी शेऱ्याची. एका फोटोने काम भागत नाही, आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा तपासावं लागतं. आणि आपल्याकडे तोवर बाळंतीण माहेरी, म्हणजे पुष्कळदा सीमेपलीकडे गेलेली असते. कार्ड कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत. माहेरी ते नीट वाचणारं कुणी असेलच असं नाही. बारशाचा मुहूर्त सगळ्यांना पाठ असतो, कार्डावरची तारीख कपाटात राहते.

दवाखान्यातून सोडतानाच सूनबाईला किंवा लेकीला दोन गोष्टी आपल्या भाषेत लिहून घ्यायला सांगा: पुढची तपासणी कोणत्या तारखेला, आणि गडहिंग्लज, कोल्हापूरकडे गेल्यास ती कुठे होईल.