मण्यांची माळ आणि पाटी-पेन्सिल

मुलांनो, तुमच्यातल्या किती जणांना शाळेत जायचा कंटाळा येतो? खरं खरं सांगा हं! मी वर्गात हा प्रश्न विचारते तेव्हा आधी सगळे एकमेकांकडे बघतात आणि मग हळूच दहा-बारा हात वर होतात. मी मुळीच रागवत नाही. त्यांना फक्त एका मुलीची गोष्ट सांगते. तीच आज तुम्हांला सांगणार आहे.

नकाशात आफ्रिका खंड काढा. त्याच्या पूर्वेला केनिया आणि टांझानिया हे शेजारी देश दिसतील. केनियाच्या दक्षिणेला आणि टांझानियाच्या उत्तरेला पसरलेल्या गवताळ मुलखात मासाई लोक राहतात. अंगावर लाल वस्त्र (त्याला ‘शुका’ म्हणतात), हातात काठी, गळ्यात रंगीबेरंगी मणी! त्यांची भाषा ‘मा’. गाई-बैल आणि शेळ्यामेंढ्या हीच त्यांची दौलत.

आता सांगा, मासाईंचं घर कोण बांधत असेल? गवंडी? छे! घर बांधतात बायका. फांद्यांचा सांगाडा उभा करायचा आणि त्यावर माती-शेणाचा गिलावा द्यायचा. पाणी आणायचं, सरपण गोळा करायचं, गाईंचं दूध काढायचं, हेही त्यांनीच. पण गुरं कुणाच्या मालकीची? पुरुषांची! पिढ्यान् पिढ्या हे असंच चालत आलं.

काकेन्याची अट

केनियातल्या एनूसाएन गावात काकेन्या न्ताया नावाची मासाई मुलगी होती. आठ भावंडांत सगळ्यांत थोरली. ती पाच वर्षांची असतानाच घरच्यांनी तिचं लग्न ठरवून टाकलं! वडील शहरात पोलिसांत होते. ते क्वचितच घरी येत आणि आले की आईने सांभाळलेली गुरं विकून टाकत. आईला काही बोलता येत नसे, कारण तिच्या नावावर काहीच नव्हतं. म्हणून ती लेकरांना एकच सांगे, शिका.

काकेन्याला बाई व्हायचं होतं, म्हणजे शाळेतल्या बाई! शेतात राबण्यापेक्षा फळ्यावर लिहिणं किती सोपं, असं तिला वाटे. (हे वाचून मला हसूच आलं!)

पण त्या समाजात मुलगी वयात आली की तिच्या शरीराला इजा करणारा एक फार वेदनेचा विधी होत असे. तो झाला की शाळा बंद आणि लग्न. काकेन्याने वडिलांपुढे अट घातली : विधीनंतर मला शाळेत जाऊ देणार असाल तरच मी तयार होईन, नाहीतर पळून जाईन. वडिलांनी ऐकलं. एका लहान मुलीला शिकण्यासाठी केवढी किंमत मोजावी लागली, बघा! केनियात २०११च्या कायद्याने हा विधी गुन्हा ठरला आहे, आणि २०१४च्या कायद्याने लग्नाचं वय किमान १८ वर्षं केलं आहे. तरी चोरून हे प्रकार अजून होतात. नुसत्या कायद्याने सगळं बदलत नाही, माणसांची मनंही बदलावी लागतात.

पुढे काकेन्याला अमेरिकेतल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. पण प्रवासाला पैसे कुठले? आणि मुलगी परदेशी जाणार म्हटल्यावर गावात कुरकुर सुरू झाली. तेव्हा तिने एक युक्ती केली. सूर्य उगवायच्या आधी जी बातमी येते ती शुभ असते, तिला नाही म्हणू नये, अशी तिथे समजूत होती. मग काय, ही पोरगी पहाटेच गावच्या मोठ्या माणसांची दारं ठोठावू लागली! अखेर गावाने वर्गणी काढून तिला पाठवलं. शिकून परत येईन आणि गावासाठी काहीतरी करीन, असा शब्द तिने दिला.

आणि तो पाळलासुद्धा! २००९ साली एनूसाएनमध्ये सुमारे ३० मुलींना घेऊन तिची शाळा सुरू झाली. २०११ साली ती शिक्षणशास्त्रात डॉक्टरही झाली. गावातले पुरुष म्हणाले, मुलांसाठीही शाळा हवी. काकेन्याचं उत्तर तयार होतं : शिकून मोठे झालेले गावचे पुरुष ती बांधतील, मी मुलींची बांधते!

मण्यांचा हिशेब

पण मुलीची वही, गणवेश, फी यांना पैसे आईच्या हातात हवेत ना? ते कुठून येणार? इथे मण्यांची माळ मदतीला आली.

मासाई बायका मण्यांचे सुरेख दागिने करतात. पूर्वी हे मणी माती, बिया, हाडं यांचे असत. १९ व्या शतकात व्यापाऱ्यांबरोबर युरोपातले काचेचे मणी आले. प्रत्येक रंगाला अर्थ आहे बरं का! पांढरा म्हणजे दूध, हिरवा म्हणजे गवत, निळा म्हणजे आभाळ आणि लाल म्हणजे शौर्य. आता बायका गट करून या वस्तू पर्यटकांना विकतात. आपल्याकडच्या बचत गटांसारखे तिथे ‘चामा’ असतात. प्रत्येकीने थोडे थोडे पैसे टाकायचे आणि गरजेप्रमाणे आळीपाळीने घ्यायचे.

हिशेब यायला हवा तो इथे! समजा, एका माळेला १२० शिलिंगांचे मणी लागले आणि ती करायला दोन दिवस गेले. व्यापारी म्हणाला, “१५० घे.” देऊन टाकायची का? दोन दिवसांच्या कष्टाचे फक्त ३० शिलिंग! जिला वजाबाकी येते ती मान हलवून ‘नाही’ म्हणेल. जिला येत नाही ती बिचारी फसेल.

मासाईंचेच भाऊबंद असलेल्या सांबुरू लोकांत तर एक नवल घडलं. १९९० साली रेबेका लोलोसोली आणि छळाला कंटाळलेल्या बायका, अशा पंधरा जणींनी केनियात स्वतःचं गावच वसवलं! नाव ठेवलं ‘उमोजा’, म्हणजे एकी. माळा विकून आणि पर्यटकांची राहण्याची सोय करून त्यांनी गाव चालवलं, मुलांसाठी शाळाही काढली.

हा पैसा किती मोलाचा, ते दुष्काळात कळतं. २०२० च्या अखेरीपासून पूर्व आफ्रिकेच्या मोठ्या भागात लागोपाठ पाच पावसाळे कोरडे गेले. केनियात लाखो जनावरं मेली. दावणच रिकामी झाली, तर घर कशावर चालणार? अशा वेळी माळेचे चार पैसे आणि शिकलेल्या लेकीचा पगार हाच आधार.

आणि लेकी नोकरी तरी कसली करतात? २०१९ साली अंबोसेली राष्ट्रीय उद्यानाजवळ आठ मासाई तरुणींचं वनरक्षक पथक उभं राहिलं. ‘टीम लायोनेस’, म्हणजे सिंहिणींची तुकडी! रानातून गस्त घालायची, प्राण्यांच्या खुणा टिपायच्या, शिकाऱ्यांवर नजर ठेवायची. २०२० साली करोनाच्या काळात तर त्या कित्येक महिने घरी न जाता कामावरच राहिल्या.

मुलांनो, आज एक काम करा. घरी आजीजवळ बसा आणि तिला विचारा, “आजी, तू कितवीपर्यंत शिकलीस? शाळा का सुटली?” ती सांगेल ते नीट ऐका. मग उद्या सकाळी दप्तर उचलताना ते जड वाटतं की हलकं, ते मला कळवा!