शिंपल्यासारखा दिसतो, पण शिंपला नव्हे

तिसऱ्या उकळायला ठेवल्या की थोड्याच वेळात त्यांची तोंडे उघडतात. त्यांच्या बिजागरीपाशी एक लवचीक बंध असतो आणि तो झडपा सतत उघडायलाच बघत असतो. जिवंतपणी स्नायू त्या आवळून धरतात. स्नायू सैल पडले की शिंपला उघडतो. ब्रॅकिओपॉड नावाच्या समुद्री प्राण्याकडे असा बंध नाही. त्याचे झडपा मिटणारे स्नायू वेगळे आणि उघडणारे वेगळे. त्यामुळे मेल्यावरही त्याचे कवच बहुधा मिटलेलेच राहते आणि कोट्यवधी वर्षांनी खडकातून दोन्ही झडपांसकट अखंड निघते.

‘ब्रॅकिओपॉड म्हणजे जुन्या काळचे शिंपले’ हा सर्वांत पसरलेला गैरसमज. दोघांना दोन झडपा असतात, एवढेच साम्य. शिंपल्याच्या झडपा प्राण्याच्या डाव्या-उजव्या बाजूंना असतात, तर ब्रॅकिओपॉडच्या पाठीवर आणि पोटावर. हातात घेऊन पाहिले तर फरक कळतो. तिसरीची एक झडप दुसरीचे प्रतिबिंब असते, पण एकटी झडप मधोमध विभागली तर दोन भाग जुळत नाहीत. ब्रॅकिओपॉडचे उलटे आहे. त्याची पोटाकडची झडप सहसा मोठी असते आणि तिला चोच असते. मात्र कोणतीही एक झडप घ्या, तिचे डावे-उजवे अर्धे सारखे भरतात. कालवांसारखे अपवाद दोन्हीकडे आहेत, म्हणून केवळ या एका खुणेवर निकाल देऊ नये. अनेकांच्या चोचीत एक छिद्रही दिसते. त्यातून बाहेर येणाऱ्या देठाने प्राणी समुद्रतळाला धरून राहतो.

शिंपले मृदुकाय संघात येतात, ब्रॅकिओपॉडांचा संघ स्वतंत्र आहे. नावानेही घोळ घातला. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘बाहू-पाय’. कवचातल्या वळणदार अवयवाला जुन्या अभ्यासकांनी गोगलगाईच्या पायासारखे काहीतरी मानले. प्रत्यक्षात तो लोफोफोर: बारीक केसाळ शुंडकांची जाळी, जी पाण्याचा प्रवाह आत ओढून अन्नकण गाळून घेते. तो चालत नाही आणि पकडतही नाही.

‘हे प्राणी केव्हाच नामशेष झाले’ हेही खरे नाही. आजच्या समुद्रांत त्यांच्या सुमारे ४०० जाती आहेत. जीवाश्मांतून मात्र १२,००० हून अधिक जातींची वर्णने झाली आहेत, त्यामुळे वैभवाचा काळ मागे पडला हे कबूल करावे लागते. तो का पडला, याचे उत्तर पुष्कळ वर्षे ‘शिंपल्यांनी त्यांना हरवले’ असे दिले जाई. १९८० मध्ये स्टीफन जे गूल्ड आणि ब्रॅडफर्ड कॅलोवे यांनी दोन्ही गटांच्या प्रजातींची संख्या कालक्रमाने मांडली. एकाच्या वाढीने दुसऱ्याची घट होत गेली, असे त्यात दिसले नाही. सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी पर्मियन कालखंडाच्या अखेरीस जो महाविनाश झाला, त्याचा घाव ब्रॅकिओपॉडांवर फार खोल बसला. शिंपले त्यातून लवकर सावरले.

‘लिंग्युला ५० कोटी वर्षे जशीच्या तशी आहे’ हे वाक्य पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान् पिढ्या गेले. सुवर्णरेखा नदीच्या मुखापाशी चिखलात बीळ करून राहणारी ही जिभेच्या आकाराची ब्रॅकिओपॉड पाहिली, की तसे वाटतेही. पण जुन्या खडकांतली जिभेसारखी दिसणारी बहुतेक कवचे केवळ त्या आकारामुळे या नावाखाली गोळा झाली होती. आतले स्नायूंचे ठसे तपासल्यावर त्यांतली अनेक वेगळ्या प्रजातींत गेली. २०१५ मध्ये लिंग्युलाच्या जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि तो संचही बदलत आलेला दिसला.

वर्गीकरणाची खरी गोष्ट इथून सुरू होते. बिजागरीला दात असलेले आणि नसलेले, असे दोन गट शंभराहून अधिक वर्षे शिकवले गेले. ‘दात नाहीत’ हा नात्याचा पुरावा कसा होईल? लिंग्युलाचे कवच फॉस्फेटचे. खडकाला चिकटून राहणाऱ्या क्रेनियाचे चुनखडीचे. दोघांना एका घरात कोंबले होते ते निव्वळ एका अभावामुळे. १९९६ मध्ये ॲल्विन विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी तीन उपसंघांची मांडणी केली, आणि क्रेनियाला स्वतःचे घर मिळाले.

‘बाहेरून सारखे ते एकच’ हा समज तर अभ्यासकांनाही नडला आहे. वेगवेगळ्या घराण्यांत तोच आकार पुन्हा पुन्हा उद्भवतो. ऱ्हिंकोनेलिड गटाची कवचे पाहा: पंख्यासारख्या उभ्या चुण्या, कडेला नागमोडी रेघ. हाताळून त्यांची प्रजाती ठरवणे जवळजवळ अशक्य. म्हणून कवच चोचीकडून कणाकणाने घासत जातात आणि प्रत्येक टप्प्यावर उघड्या पडलेल्या छेदाचे चित्र काढतात. दात कसे, आतले पडदे कुठवर, लोफोफोरला आधार देणारे काटे कसे वळले, हे त्या चित्रांच्या मालिकेतून उभे राहते. शेवटी नमुना संपतो, चित्रे उरतात. संयमाचे हे काम मला फार मोठे वाटते.

आपल्याकडेही ते झाले आहे. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातील बाघच्या क्रिटेशस थरांतले ऱ्हिंकोनेलिड जीवाश्म-अभ्यासक चिपळूणकरांनी अभ्यासले आणि १९३८ मध्ये ‘मालविऱ्हिंकिया’ ही नवी प्रजाती जगापुढे मांडली. कच्छच्या जुरासिक खडकांचे नाव ‘कच्छिऱ्हिंकिया’मध्ये आहे. उमरियाच्या कोळसा-पट्ट्यात पर्मियन काळातले समुद्री ब्रॅकिओपॉड सापडले. मध्य भारतात तेव्हा समुद्राची जीभ शिरली होती, हे त्यांनीच दाखवून दिले.

सह्याद्रीच्या काळ्या दगडात मात्र त्यांना शोधू नका. तो लाव्हाचा आहे, आणि त्याच्या थरांमध्ये मिळणाऱ्या लहान शंखांपैकी पुष्कळसे गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे आहेत. पण बाघ किंवा कच्छला गेलात आणि चुणीदार, चोचीचे कवच दिसले, तर ते उचलण्याआधी फोटो काढा, जागा आणि थर लिहून ठेवा. घरातल्या काचेच्या कपाटात असा एखादा दगड आधीच असेल, तर तो कुठून आणला हे आठवते आहे तोवर चिठ्ठीवर लिहून त्याच्यापाशी ठेवा.