उपचारानेच गावी यावे

मराठवाड्यातील एखाद्या महाविद्यालयीन मुलाचे मानसिक स्वास्थ्य ढळले, की घरच्यांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो अंतराचा. राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्यात त्यांपैकी एकही नाही.

वास्तविक २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा याबाबत निःसंदिग्ध आहे. उपचारांसाठी कोणालाही, मुलांनाही, दूर जावे लागू नये आणि दीर्घकाळ रुग्णालयात ठेवणे हा अखेरचा उपाय असावा, असे तो बजावतो. अल्पवयीन रुग्णाजवळ पालकाने वा सोबत्याने सतत राहिलेच पाहिजे, असाही त्यात दंडक आहे. रोजंदारीवर जगणाऱ्या बापाने तो परजिल्ह्यात कसा पाळावा?

जवळचे उपचार अशक्य नाहीत. ऐंशीच्या दशकात बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने कर्नाटकातील बेळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांना प्रशिक्षण देऊन मनोरुग्णांवर तेथेच उपचार सुरू केले. त्याच धर्तीवर १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आखला गेला.

तीव्र अवस्थेत रुग्णालय लागतेच, हे मान्य. परंतु मुलाला अखेर परतायचे असते ते त्याच घरात, त्याच वर्गात. त्याला सावरणारे आईबाप, शिक्षक, मित्रही तेथेच असतात. त्यांच्यापासून त्याला तोडण्याऐवजी उपचारच तालुक्यापर्यंत नेणे, हे शासनाचे कर्तव्य आहे.