कानांनी वाचलेले शुभवर्तमान

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या सत्रातील गोष्ट. तत्त्वज्ञानाच्या तासाला सरांनी वर्गाला प्रश्न टाकला, "माणसाच्या श्रद्धेचा उगम कशात असतो?" कुणी म्हणाले धर्मग्रंथात, कुणी संस्कारात, कुणी भीतीत. माझी पाळी आली आणि मी पटकन बोलून गेले, "गाण्यात." वर्गात एकच हशा पिकला. सर मात्र हसले नाहीत. "उत्तर चुकीचे नाही, अपुरे आहे. सविस्तर लिहून आण," एवढेच ते म्हणाले. ते लिहिणे लांबत गेले, ते या वार्षिक अंकाच्या निमित्ताने आज पुरे होत आहे.

माझ्या तोंडून हेच उत्तर का निघाले, ते आधी सांगते. माझे घर ख्रिस्ती. गाव नगर जिल्ह्यातले, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आमच्या आजीला अक्षरओळख नाही. बायबलातील एक ओळही तिला वाचता येत नाही. परंतु उपासनेतील शंभरावर गीते तिला तोंडपाठ आहेत. येशूचा जन्म, त्याचे दुःखसहन, पुनरुत्थान हे सारे ती गीतांच्या आधारानेच सांगते. कॉलेजात आल्यावर मला तिच्या या श्रद्धेची थोडी लाज वाटू लागली होती, हे कबूल केले पाहिजे. जिला वाचता येत नाही, तिला आपण कशावर विश्वास ठेवतो हे तरी कसे कळणार, असे मला वाटे.

सरांसाठी लिहायचे म्हणून मी ग्रंथालयात शोधू लागले, तेव्हा अमेरिकेच्या दक्षिण भागातील 'कंट्री गॉस्पेल' संगीताची माहिती हाती लागली. गॉस्पेल म्हणजे शुभवर्तमान. डोंगराळ भागातील लहान शेतकरी, कापूस वेचणारी कुटुंबे, कोळशाच्या खाणीतील मजूर अशा खेडवळ माणसांनी जपलेली ही भक्तिगीते होत. जसजशी वाचत गेले, तसतशी त्या परक्या मुलखात मला माझी आजीच भेटू लागली.

या संगीताची मुळे फार मागे जातात. 1801 साली केंटकी राज्यातील केन रिज या ठिकाणी हजारो माणसे दिवसचे दिवस उघड्या रानात मुक्काम ठोकून प्रवचने ऐकत होती. अशा मेळाव्यांत गीतांची पुस्तके थोडी आणि वाचता येणारे त्याहून थोडे. मग करायचे काय? सोपे धृपद घ्यायचे आणि ते पुनःपुन्हा म्हणायचे. दुसरी रीत याहूनही जुनी. पुढारी एक ओळ म्हणून दाखवी आणि सारी मंडळी तीच ओळ उचलून संथ लयीत गात. पूर्व केंटकीतील काही बाप्टिस्ट मंडळ्यांत ही रीत आजही चालू आहे. भजनाला बसलेल्या कोणाही मराठी माणसाला ती निराळी समजावून सांगायला नको!

त्याच सुमारास स्वरलिपी सोपी करण्याची एक युक्ती निघाली. विल्यम लिटल आणि विल्यम स्मिथ यांच्या पुस्तकात स्वरांना आकार दिले होते. फा म्हणजे त्रिकोण, सोल म्हणजे गोल, ला म्हणजे चौकोन आणि मी म्हणजे शंकरपाळ्यासारखी आकृती. गावोगाव फिरणारे गायनमास्तर थोड्या दिवसांची गानशाळा भरवीत आणि शेतकऱ्यांची पोरे आकार ओळखून गाऊ लागत. 1844 साली जॉर्जियातील व्हाइट आणि किंग या दोघांनी 'द सेक्रेड हार्प' हा संग्रह काढला. त्यातील गाणी गाण्याची बैठक मला फार आवडली. चार आवाजांचे चार गट चौकोन करून समोरासमोर बसतात, मधे उभे राहून एकेक जण पाळीपाळीने गाणे चालवतो. श्रोत्यांसाठी जागाच नाही. जो आला त्याने गायचे.

माझ्या मते मर्म येथेच आहे. प्रवचन दुसऱ्याने करायचे आणि आपण ऐकायचे असते. गीत मात्र आपल्या स्वतःच्या तोंडून निघते. 'मी' हा शब्द गाताना तो 'मी' आपणच असतो. मनाला पटायच्या आधी जीभ ते बोलून बसते, आणि वर्षानुवर्षे बोलता बोलता ते आपलेच होऊन जाते. श्रद्धा शिकवली जाते त्याहून अधिक ती अशी अंगवळणी पडते.

पुढे हे संगीत ध्वनिमुद्रिकांवर आले. 1927 च्या उन्हाळ्यात राल्फ पीअर हा गृहस्थ टेनेसी आणि व्हर्जिनिया यांच्या सीमेवरील ब्रिस्टल गावी यंत्रे घेऊन आला. तेथे डोंगरातून उतरून आलेल्या कार्टर कुटुंबाने आपली पहिली गाणी मुद्रित केली. या कुटुंबातील ए. पी. कार्टर खेडोपाडी हिंडून गाणी गोळा करी. त्याच्यासोबत लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय वादक असे. कार्टर शब्द टिपून घेई आणि रिडल चाल ध्यानात ठेवी. 1907 मधील एका उपासनागीतावरून कार्टरने आईच्या अंत्ययात्रेचे गाणे बेतले आणि 1935 साली ते मुद्रित झाले. स्वर्गातील पुनर्भेटीचा सिद्धांत त्याने घराच्या दारात आणून उभा केला. आई गेली आहे, ती पुन्हा भेटेल काय? एवढाच प्रश्न, आणि तो सर्वांचाच.

जॉनी कॅश या प्रख्यात गायकाचे उदाहरण असेच आहे. आर्कान्सासमध्ये कापसाच्या रानात त्याचे बालपण गेले. आई भक्तिगीते गाई. 1944 साली त्याचा थोरला भाऊ जॅक करवतीच्या यंत्रावर अपघात होऊन वारला. तरुणपणी जॉनी भक्तिगीते घेऊन ध्वनिमुद्रिका काढणाऱ्याकडे गेला, तेव्हा ही खपणार नाहीत म्हणून त्याला परत पाठवण्यात आले. पुढे व्यसनांनी त्याला ग्रासले, तो पडला, सावरला, पुन्हा पडला. 2003 मध्ये तो वारला आणि 2004 मध्ये त्याचा 'माय मदर्स हिम बुक' हा संग्रह प्रसिद्ध झाला. आईच्या पुस्तकातील गीते, एक गिटार आणि एक थकलेला आवाज; बाकी काही नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो मला रास्त वाटतो. गाण्याने डोळ्यांत पाणी येते, पण ती श्रद्धा कशावरून? नुसता गहिवरही असेल. हँक विल्यम्सने 'आय सॉ द लाइट' हे अंधारातून प्रकाशात आल्याचे गीत लिहिले. पण मद्यापायी त्याची ससेहोलपट झाली आणि 1 जानेवारी 1953 रोजी, वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी तो गेला. त्याच्या अंत्यविधीला तेच गीत गायले गेले. दुसरे उदाहरण याहून बोचरे आहे. थॉमस डॉर्सी या कृष्णवर्णीय रचनाकाराचे 'पीस इन द व्हॅली' हे गीत 1951 साली रेड फोली या गोऱ्या गायकाने गायिले आणि ते घरोघर पोहोचले. पण त्या काळी दक्षिणेत गोऱ्यांची आणि काळ्यांची प्रार्थनामंदिरे वेगळीच होती. गीताने ओलांडलेली भिंत माणसांनी ओलांडली नव्हती. हे वाचताना मी पुस्तक मिटून बसले. आजीच्या लहानपणी गावची विहीर आमच्या माणसांसाठी नव्हती, आणि त्याच विहिरीवर पाणी भरणाऱ्यांच्या तोंडी समतेचे अभंग होतेच की!

तेव्हा गाण्याने माणूस आपोआप चांगला होतो, असे मी म्हणणार नाही. 'अमेझिंग ग्रेस' लिहिणारा जॉन न्यूटन गुलामांच्या जहाजावरचा कप्तान होता. 1748 च्या वादळात त्याला देव आठवला, तरी त्यानंतर काही वर्षे तो तोच व्यापार करीत राहिला. त्या व्यापाराविरुद्ध त्याने लेखणी उचलली ती 1788 साली. श्रद्धेचे बी रुजायला चाळीस वर्षे लागली म्हणायची!

अमेरिकेचा आणि आमच्या खेड्याचा संबंध तरी काय, असे कुणी विचारील. संबंध आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 साली मुंबईत आले आणि 1831 मध्ये नगरला. त्यांच्याबरोबर त्यांची गीते आणि चालीही आल्या. परंतु त्या चाली आमच्या लोकांच्या गळ्याला परक्या होत्या. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी हे ओळखले. त्यांनी मराठी वळणाची भजने रचली, कीर्तनाची रीत उचलली. आजी जी गीते गाते, त्यांतील कितीतरी टिळकांची आहेत. केंटकीच्या रानात जे घडले, ते आमच्याकडे असे टाळ-ढोलकीच्या संगतीने घडले.

शेवटी एक प्रसंग सांगते. मी दहावीत असताना आजोबा वारले. भर पावसाळ्याचे दिवस. ओढ्याला पूर आल्यामुळे पाळकसाहेब पलीकडेच अडकले. अंगणात माणसे खोळंबली. पुस्तक उघडून वाचील असे मोठे माणूस जवळपास नव्हते; वाचता येणारी मी होते, पण माझ्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा आजीने भिंतीला टेकून गीत सुरू केले. पहिले कडवे ती एकटीच म्हणाली. दुसऱ्याला बायका मिळाल्या, तिसऱ्याला पुरुष. पाळकसाहेब ओढा उतरल्यावर आले, तोवर आजी सात गीते गाऊन झाली होती.

सर, उत्तर अजूनही अपुरे असेल. पण गेल्या दिवाळीच्या सुटीत मी आजीजवळ वही घेऊन बसले आणि तिची गीते उतरवून घेऊ लागले. ती सांगते, मी लिहिते. आतापर्यंत बासष्ट झाली आहेत.